दुसरा कान

“कुर्र कोण करणार?” मी विचारलं तेव्हा श्रीकांत पाळण्याच्या दोरीला झेंडूची माळ गुंडाळत होता.

“प्रणिता,” तो म्हणाला. मग माझं तोंड बघून त्यानं पुढं जोडलं, “आत्या नं ती.”

माझा भाऊ विनय तिथंच स्टुलावर चढून छताच्या हुकात पाळण्याची साखळी अडकवत होता. मला वाटलं, आता हा खाली बघेल आणि म्हणेल, अक्का पण आत्याच आहे की. त्यानं साखळीला दोनदा हिसका दिला आणि म्हणाला, “धरतीय. पक्की बसली.”

एवढंच. मी हातातल्या फुलांची टोपली ठेवली आणि आत निघून गेले.

पुण्यातला तो दोन खोल्यांचा फ्लॅट विनय आणि श्रीकांतचा. दोघं एकत्र राहत होते त्याला बरीच वर्षं झाली होती आणि त्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या बाळाचं बारसं होतं. आई आणि मी तासगावहून आदल्या दिवशीच आलो होतो. आमचे हे द्राक्षांच्या छाटणीचं निमित्त काढून मागं राहिले. श्रीकांतच्या बाजूनं आली होती फक्त त्याची बहीण प्रणिता. ती अकोटला शाळेत शिकवते. आता तेच बाळ शाळेत जातं, प्रणिताचं नि माझं दिवसाआड फोनवर बोलणं असतं, पण त्या दिवशी मला ती बाई डोळ्यांसमोर नको होती.

मी जात्याच जळकी. हे आमच्या घरात कुणी लपवून ठेवलेलं नाही, मी तर नाहीच. मला एकच भाऊ. त्याला शाळेत सोडायला मी, त्याच्या मास्तरांशी भांडायला मी, पोहायला शिकवायला विहिरीवर नेऊन ढकलून देणारीही मीच. त्यानं मला श्रीकांतबद्दल सांगितलं, तेव्हा लोकांना वाटेल तसा मला धक्काबिक्का बसला नाही. मला राग आला तो याचा की हे सगळं जुळून दोन वर्षं झाली होती आणि मला आत्ता कळत होतं. उद्या भावजय आली असती तरी मी तिच्यावर जळलेच असते. भावजयीच्या जागी श्रीकांत आला, मी त्याच्यावर जळले. विनयला ताप आला की आता आधी त्याला कळायचं. विनयला काय आवडतं हे तो मला सांगायचा. “अक्का, त्याला वांगं चालत नाही हं,” म्हणे. ज्याला मी भरली वांगी खाऊ घालून वाढवला, त्याच्याबद्दल.

मूल घ्यायचं ठरलं तेव्हा दोघांच्या नावानं मिळण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांचं लग्नच कुणी मानत नाही तिथं आईबाप म्हणून कोण मानणार? मग एकट्या पुरुषानं दत्तक घ्यायचं म्हणून कागद झाले आणि ते श्रीकांतच्या नावानं झाले, कारण तो बँकेत कायम नोकरीला. विनय लग्नांचे फोटो काढतो, त्याचं काम मुहूर्तांवर चालतं. बाळ घरी आलं तेव्हा आठ-नऊ महिन्यांचं होतं. संस्थेच्या एक ताई अजून अधूनमधून बघायला यायच्या, म्हणून घराबाहेर सगळ्यांना सांगायचं ते ठरलेलं होतं. श्रीकांत बाप. विनय त्याचा मित्र, भाड्यात निम्मा वाटेकरी.

आईला हे सगळं कळलं ते त्याच वर्षी. तेव्हा टीव्हीवर रोज संध्याकाळी तोच विषय चालू असायचा. कोर्टानं दोन पुरुषांना लग्न करू द्यावं का, त्यांना मूल द्यावं का. एका चॅनलनं लोकांचं मत मागवलं होतं, होय असेल तर या नंबरवर मिस्ड कॉल, नाही असेल तर त्या. आईनं जेवता जेवता डाव्या हातानं ‘नाही’ला मिस्ड कॉल देऊन टाकला. त्याच आठवड्यात विनय घरी आला आणि त्यानं तिच्यापुढं बसून सगळं सांगितलं. श्रीकांत तिला माहीत होता, दरवर्षी गणपतीत रथ ओढायला तासगावला यायचा, तिच्या हातचं पोटभर जेवायचा. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मी न्हाईला मिस कॉल दिलाय रं. आता त्यो माघारी कसा घ्यायचा?”

विनय हसायला लागला आणि हसता हसता रडला. आई तेव्हापासून रोज न चुकता ‘होय’च्या नंबरवर मिस्ड कॉल देत राहिली. तो कार्यक्रम बंद झाला तरी देत होती.

पण आईचं डोकं स्वस्थ बसणारं नव्हतं. टीव्हीवर एक मिशीवाले गृहस्थ रोज एकच प्रश्न विचारायचे, यात नवरा कोण आणि बायको कोण ते आधी सांगा. त्यांना कुणी नीट उत्तर द्यायचं नाही, जाहिराती लागायच्या. आईनं ते उत्तर आपल्यापुरतं शोधून काढलं होतं, आणि ते मला बारशाच्या दिवशी, स्वयंपाकघरात कळलं.

ती घुगऱ्यांचे हरभरे ढवळत होती. मी जाऊन तिच्या शेजारी ओट्याला टेकले.

“प्रणितालाच का गं कुर्र करायला सांगितलं? मी काय रस्त्यावरनं आले?”

“आगं, ती आत्या हाय,” आई म्हणाली. “तू मावशी.”

“मावशी?”

“मग? मी सगळा इचार केलाय. कागद श्रीकांतच्या नावचा. आडनाव त्यांचं. म्हंजे बाप त्यो झाला. मग आपला विनू…” तिनं चमच्यावर एक हरभरा घेऊन दाबून बघितला. “विनू आईच्या जागी. म्हंजे आपण आजोळची माणसं. तू मावशी, मी आईची आई. आजोळच्या माणसानं जरा दबूनच ऱ्हावं. बोलाय गेलं की त्यांच्या डोळ्यावर येतं.”

“आई, विनू काय बाई आहे?”

“मी कवा म्हटलं बाई हाय? जागा म्हणाले मी. जागा कुणाची तरी धरायला लागतीच की.”

हिनं सारं प्रेमानं केलं होतं, हे मला दिसत होतं. मुलाचं जगावेगळं तिनं पदरात घेतलं, पण घेताना त्याची घडी आपल्या ओळखीची घातली. आणि त्या घडीत मी मावशी झाले होते. आता मावशी काही वाईट नसते, मला दोन मावश्या आहेत आणि दोघी जीव लावतात. पण बारशात मावशीला काय काम असतं? घुगऱ्या वाटायच्या.

आईनं गॅस बारीक केला आणि कोपऱ्यातल्या पिशवीतून एक पुडकं काढलं. “हे बघ बरं, चांगलं दिसंल का तिला.”

आत तिचं इरकल होतं. हिरवं, लाल काठांचं, पदरावर टोपांची नक्षी. ते इरकल मी माझ्या लग्नात मागितलं होतं, मंगळागौरीला मागितलं होतं, नंतरही मागितलं होतं. दर वेळी उत्तर एकच, मी गेल्यावर घे.

“हे प्रणिताला?”

“मुलाकडची नणंद हाय ती. एवढ्या लांबनं आली. आपल्या पोराला त्या घरात नांदायचंय, तर मानपान नको?”

मी ते पुडकं तिच्या हातात परत दिलं. दिलं म्हणजे कोंबलं.

दुपारी बाळाला आंघोळ घालून प्रणिता आणि मी त्याला कपडे चढवत होतो. मी रात्र रात्र बसून शिवलेली कुंची आणली होती, मोती लावलेली. प्रणितानं आणलेली कुंची जरीची होती आणि तिला मागं गोंडा होता. बाळानं गोंडा पाहिल्याबरोबर तोंडात घातला आणि तिथंच निकाल लागला. माझी कुंची उशीखाली गेली.

“बाळाचं नाव काय ठरवलंय?” मी विचारलं. मला खरंच माहीत नव्हतं.

“ते कसं सांगू आत्ताच? आत्यानं कानात सांगितल्यावरच कळते नं सगळ्यांले,” ती हसून म्हणाली.

“विनयनं सुचवलंय की श्रीकांतनं?”

“दोघांनी मिळून.” मग हसणं थांबवून तिनं माझ्याकडे पाहिलं. “ताई, तुम्ही माझ्यावर काहून रागावून राहिल्या सकाळपासून?”

“मी कशाला रागावू?”

“रागावल्या. मले दिसते नं.” तिनं बाळाच्या पायात मोजा घातला, त्यानं तो काढून फेकला, तिनं परत घातला. “माझा भाऊ तुमच्याइकडे गणपतीले येते. दिवाळीले येते. तुमच्या आईच्या हातच्या भाकरीचे फोटो पाठवते मले. आमच्याइकडे बाबा गेले तेव्हा आला, त्यानंतर आई त्याले घरात येऊ देत नाही. मी इथं आली ते सासरी सांगून आली का? ट्रेनिंग आहे म्हणून सांगितलं. इतक्या वर्षांत हा एक दिवस मले बहीण म्हणून भेटून राहिला. तोही तुम्हाले पाहिजे का?”

ती खरं बोलत होती, आणि खरं बोलणाऱ्या बाईचा मला दुप्पट राग येतो. इतकी वर्षं मी समजत होते की श्रीकांतनं माझा भाऊ नेला. तिकडं अकोटात ही बसून म्हणत होती की आम्ही तिचा नेला. तिची कीव आली मला. पण जळायची मी थांबले नाही. दोन्ही एकदम होतं माणसाला, निदान मला होतं.

संध्याकाळी प्रणिता इरकल नेसून बाहेर आली. तिला ते शोभत होतं. आईनं तिला बघून बोटं मोडली, कानशिलावर कडाकड वाजवली. मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच एक धुतलेलं पातेलं पुन्हा धुतलं.

मग श्रीकांतच्या बँकेतल्या बायका आल्या, चार-पाच जणी, पुढं त्यांच्या शाखेच्या मोठ्या मॅडम. खेळणी, डबे, फुगे. श्रीकांत पाटावर बाळाला घेऊन पाळण्यापाशी बसला होता. विनय दिसत नव्हता. तो घुगऱ्यांची परात घेऊन आतबाहेर करत होता. गळ्यात कॅमेरा होता, सगळ्यांचे फोटो काढून झाले की परत परात उचलायचा. त्याचा एकही फोटो निघत नव्हता.

“आमच्या श्रीकांतनं कमाल केली हं,” मॅडम आईला सांगत होत्या. “एकट्या पुरुषानं मूल सांभाळायचं म्हणजे काय खायचं काम आहे?”

“एकटा आहे हेच बरं,” त्यांच्या शेजारची बाई म्हणाली. “हल्ली टीव्हीवर ते दोघं दोघं दाखवतात बघा. त्यांचं त्यांनी एकत्र राहावं, आपलं काय जातंय? पण मूल कशाला त्यात? त्या लेकरानं हाक मारायची कुणाला?”

“तर हो,” आणखी एक म्हणाली. “शाळेत आईचं नाव विचारलं की काय सांगणार ते?”

विनय त्यांच्यापुढंच वाकला होता. “आणखी देऊ थोड्या?” त्यानं विचारलं.

“घाला की. छान झाल्यात.” त्या बाईनं वाटी पुढं केली आणि मग त्याच्याकडे नीट बघून म्हणाली, “तुम्हाला ओळखलं नाही. तुम्ही श्रीकांतचे कोण?”

मी दारात उभी होते. तो काय म्हणणार ते मला माहीत होतं, ठरलेलंच होतं.

“मी मित्र,” विनय म्हणाला. “इथंच राहतो.” आणि वर हसला. लहानपणी मास्तरांचा मार खाऊन घरी यायचा आणि काही झालं नाही म्हणायचा, तेव्हाचं हसू.

तेवढ्यात मॅडमनी घड्याळ बघितलं, “चला, घ्या उरकून,” म्हणाल्या. बायका पाळण्याभोवती उभ्या राहिल्या. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या करत बाळाला पाळण्याखालून वरून फिरवलं आणि आत निजवलं. प्रणिता पदर खोचून वाकली. तिनं बाळाच्या उजव्या कानाशी तोंड नेलं.

“कुर्र,” ती म्हणाली आणि मग नाव पुटपुटली. लगेच बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, रीतच आहे, कुर्र झालं की आत्याच्या पाठीत बसलेच पाहिजेत. ती हसत सरळ झाली, केस विस्कटलेले, इरकलाचा पदर खांद्यावरून घसरलेला.

“काय नाव, काय नाव?” सगळ्या म्हणाल्या.

“सारंग,” प्रणिता म्हणाली. “सारंग श्रीकांत ढोरे.”

टाळ्या वाजल्या. मी विनयकडे पाहिलं. तो परात काखेत धरून टाळ्या वाजवता येतात का बघत होता.

आता मी पुढं गेले ते भावासाठी गेले असं मला कुणी कधी म्हटलं की मी गप्प बसते. पण मला ठाऊक आहे. मी गेले कारण प्रणिताच्या पाठीत पडलेले ते धपाटे मला हवे होते. माझ्या डोक्यात कोर्ट नव्हतं, टीव्ही नव्हता, लोकांचं मत नव्हतं. तो पाळणा होता आणि त्यात माझ्या भावाचं मूल होतं, आणि दुसरीच बाई आत्या होऊन मोकळी झाली होती.

“थांबा,” मी म्हणाले. “दुसरा कान राहिलाय.”

बायका वळल्या. “दुसऱ्या कानात कोण सांगतं?” मॅडम हसत म्हणाल्या.

“मी. मी पण आत्या.”

“हो का? तुम्ही श्रीकांतच्या चुलतबहीण का?”

“नाही,” मी म्हणाले. “मी विनयची सख्खी बहीण.”

“विनय कोण?” कुणीतरी विचारलं. मी हात करून परातीकडं दाखवलं.

श्रीकांतनं पाटावर बसल्या बसल्या डोळे मिटून घेतले. विनय मान हलवून मला नको नको म्हणत होता आणि मी त्याच्याकडे बघायचं टाळत होते. त्याला बघितलं असतं तर माझे पाय थांबले असते. संस्थेच्या ताई, बँक, शेजारीपाजारी, त्याला कशाकशाची भीती होती ते मला माहीत होतं. मी पाळण्यापाशी पोचले.

प्रणिता वाटेतच उभी होती. तिचा एक हात अजून दोरीवर होता. ती मला सरकू देईल असं मला वाटलं नाही, तिच्या जागी मी दिली नसती जागा. तिनं माझ्याकडे इतक्या रागानं बघितलं की मी सुद्धा तिला मानलं. मग ती वाकली आणि बाळाचं डोकं हलकेच पलीकडे वळवलं. डावा कान वर आला.

“कुर्र,” मी म्हणाले. त्याला गुदगुल्या झाल्या असाव्यात, त्यानं खांदा उचलला. मी सारंग म्हणाले. ते तर ती आधीच म्हणून बसली होती. तिनं म्हटलेलं नाही असं काहीतरी मला हवं होतं. मी पुन्हा तोंड लावलं आणि म्हणाले, “सारंग विनय.”

मोठ्यानं नव्हतं. पण खोलीत इतकं शांत होतं की सगळ्यांना ऐकू गेलं.

मी वाकलेलीच राहिले. पाठीत धपाटा पडल्याशिवाय आत्यानं सरळ व्हायचं नसतं. कुणी हात उचलेना. हिच्या पाठीत मारायचं की नाही, ही कोण लागते, हे त्या बायकांना ठरवता येत नव्हतं. शाळेतलं आईचं नाव विचारणारी बाई पर्स उचलून, घुगऱ्यांची वाटी तशीच ठेवून चपला घालायला गेली. मॅडम जागच्या हलल्या नाहीत, पण त्यांनी हातही उचलला नाही. माझी कंबर भरून आली. बाळ खालून माझ्याकडे टकामका बघत होतं. मला पहिल्यांदाच वाटलं की मी यांचं सगळं घालवलं.

मग पाठीत असा रट्टा बसला की माझं कपाळ पाळण्याच्या कठड्यावर आपटलं. तो हात मला ओळखायची गरज नव्हती.

“बघत काय बसलायसा,” आई बायकांना म्हणत होती. “आत्या हाय ती. हाणा की.”

आधी प्रणितानं हाणला. जीव काढून हाणला, दुपारपासूनचा सगळा हिशोब त्यात होता. मग मॅडमचा हात पडला, जरा बिचकत. मग बाकीच्यांचे.

मी सरळ होऊन पाठ चोळत होते. आई पाळण्यासमोर उभी होती, पदरानं हात पुसत. कुणाची जागा कुठली याचा हिशेब ती पुन्हा पहिल्यापासून मांडत होती, चेहऱ्यावर दिसत होतं. मग तिनं दाराकडे बघितलं.

“विनू, परात ठेव ती,” ती म्हणाली. “बाप असा घुगऱ्या वाटत हिंडत नसतो. हितं येऊन बस.”

विनयनं परात ठेवली. ती कुठं ठेवायची हे त्याला सुचेना, शेवटी ती मॅडमनी त्याच्या हातातून घेतली. तो पाळण्यापाशी आला. पाट एकच होता. श्रीकांत थोडा बाजूला सरकला.